जुन्या पीसीची वीज : 130 वॅटवरून 84 वर (लोकमान्य नगर, इंदूर)

रविवार, 2 नोव्हेंबर 2025

एकाच आठवड्यात दोन गोष्टी अंगावर आल्या. ऑक्टोबरचं वीजबिल 168 युनिटांचं निघालं, आणि चिरंजीवांनी जाहीर केलं की घरचा पीसी "मेला". मेला-बिला काही नाही. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तशी पाटी पडद्यावर येऊ लागली, एवढंच. प्रोसेसर आय5-4570, म्हणजे इंटेलची चौथी पिढी, 2013 ची. विंडोज 11 ला किमान आठवी लागते. चिरंजीवांकडे 52 हजारांचं कोटेशन व्हॉट्सअपवर तयारच होतं.

बिलाचं दुखणं वेगळं आहे. आमच्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलं तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपये लागतात. त्यावर गेलं की सवलत पूर्ण जाते. म्हणजे 18 युनिटं जास्त जळली म्हणून बिल पाचशेच्या आतून उडी मारून तेराशेच्या वर गेलं.

तेव्हा ठरवलं : नवं मशीन घ्यायचं नाही. आहे त्याचीच वीज कमी करायची, आणि प्रत्येक गोष्ट मोजून. मी हार्डवेअरवाला नाही, एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लिहून ठेवतोय कारण हाच डबा, म्हणजे असाच पीसी, आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी चार घरांत आहे.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

प्लगमध्ये खोचायचा वॅटमीटर आला. 1,150 रुपये. बायको म्हणाली, "वीज वाचवायला आधी हजार रुपये घालवले." उत्तर नव्हतं.

मीटर यूपीएसच्या मागच्या सॉकेटात लावला आणि त्यात स्पाइक-बोर्ड. पीसी, मॉनिटर, स्पीकर चालू असताना आकडा 112. लिहून घेतला.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

दोन दिवस वाया. रात्री सगळं बंद केल्यावर यूपीएसवर हात ठेवला तर कोमट लागला. मीटर त्याच्या पुढे असल्यामुळे यूपीएस स्वतः किती खातो ते कुठे दिसतच नव्हतं! शिवाय प्रिंटर दुसऱ्याच बोर्डावर. आता मीटर भिंतीत, त्यात सगळंच. आकडा 130. करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून मीटर भिंतीतच लावावा.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

सात दिवसांत 11.3 युनिटं. रोजची 1.6 धरा, महिन्याला 48 च्या पुढे. घराच्या एकूण वापराचा चौथा हिस्सा या एका टेबलाचा.

एकेक वस्तू वेगळी मोजली. डबा 72 वॅट, मॉनिटर 33, यूपीएस 13, स्पीकर 7, प्रिंटर नुसता उभा 5. हे चालू असताना.

खरा धक्का बंद असतानाचा. शटडाउन करून सगळे झोपले की हे टेबल 30 वॅट खातं. डब्याचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारं खोकं) 4, मॉनिटरचा दिवा 1, आणि यूपीएस, प्रिंटर, स्पीकर जसेच्या तसे. स्पीकरची कळ बंद केली तरी आत ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो, कळ त्याच्या पुढे आहे. दिवसाचे 15 तास हे असंच. म्हणजे रोज 450 वॅट-तास, जवळजवळ अर्धं युनिट, कोणी खुर्चीवर बसलेलं नसताना.

आणि मासे. बाबांनी वर्षानुवर्षं स्क्रीनसेव्हरला मत्स्यालय लावलंय. त्यांची ठाम समजूत की त्याने वीज वाचते, नावातच "सेव्हर" आहे. मीटर दाखवला : मासे पोहायला लागले की 130 चे 139 होतात. जुन्या काचेच्या ट्यूबच्या मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून ही सोय होती, विजेशी तिचा संबंध नाही. बाबा बराच वेळ मीटरकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मीटर चायनाचा आहे ना?"

शनिवार, 15 नोव्हेंबर

फुकटात होण्यासारखं आधी. मॉनिटरचा ब्राइटनेस 100 वर होता, दुकानातून आला तेव्हापासून. 40 वर आणला तर 33 चे 21 वॅट. जुना, आत ट्यूब असलेला एलसीडी आहे, त्यामुळे फरक मोठा पडला. पहिला तासभर सगळ्यांना अंधारल्यासारखं वाटलं. मग टेबल खिडकीकडून फिरवून भिंतीला लावलं, उजेड पाठीमागून यायचा तो बाजूने येऊ लागला, आणि तक्रार संपली. एलईडी मॉनिटर घ्यायचा विचार इथेच बाद.

मग डबा उघडला. पंख्याच्या पात्यांवर माळव्याच्या काळ्या मातीची साय धरली होती. ग्राफिक्स कार्ड काढलं. चिरंजीव थोडे घुटमळले, पण त्या कार्डावर शेवटचा गेम 2019 मध्ये चालला होता, आता सगळं मोबाइलवर. बोर्डाला स्वतःचा व्हीजीए पोर्ट आहे, केबल तिकडे लावली. 72 चे 59. एक वस्तू काढली आणि 13 वॅट गेले.

हुरूप आला तेव्हाच थांबायला हवं होतं.

रविवार, 16 नोव्हेंबर

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) वाळून खडू झाली असणार म्हणून पंखा काढला. झालीच होती. नवी पेस्ट 120 रुपये, मसुराच्या दाण्याएवढी मधोमध. पंखा बसवला, मशीन चालू केलं, चार मिनिटांत फट्कन बंद. पुन्हा चालू, तीन मिनिटांत बंद. मला वाटलं बोर्ड गेला. 52 हजारांचं कोटेशन डोळ्यांपुढे नाचू लागलं.

दुपार त्यातच गेली. कारण एवढंसं : या पंख्याला चार कोपऱ्यांना चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या बोर्डातून आरपार दाबून बसवायच्या. प्रत्येकीचा "टक्" असा आवाज आला पाहिजे. माझे तीन टक् झाले होते. चौथी खुंटी वरून बसल्यासारखी दिसत होती, पण बोर्ड उलटा करून पाहिला तर खालून टोक बाहेरच आलं नव्हतं. पंखा एका बाजूने केसभर उचललेला, प्रोसेसर शंभर अंशांना जाऊन स्वतःच मशीन बंद करत होता. समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबा, एका बाजूच्या दोन नको. आणि खालून बघा. वरून बघून कळत नाही.

एवढं करून वीज वाचली 1 वॅट. पंख्याचा घुर्र आवाज मात्र गेला. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे काम कामी येईल, म्हणून पश्चात्ताप नाही.

सोमवार, 17 नोव्हेंबर

सकाळी बाबांना एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी "कनेक्शन सुरक्षित नाही". कॉम्प्युटरची तारीख 1 जानेवारी 2013. काल वायर काढली तेव्हा बोर्डावरचा सेल संपलेला असल्यामुळे घड्याळ विसरलं. सीआर2032 सेल, 30 रुपये. 13 तारखेलाच बदलायला हवा होता, कारण यापुढे रात्री भिंतीचं बटण बंद करायचं म्हणजे घड्याळ याच सेलवर जगणार.

शनिवार, 22 नोव्हेंबर

जेल रोड, नॉव्हेल्टी मार्केट. 240 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी लावायची वेगवान डिस्क, 1,900 ला. 4 जीबी रॅम होती, आणखी 8 हवी होती. नव्या रॅमचे भाव सध्या विचारू नयेत असे झालेत, पण आपली डीडीआर3, जुन्या जमान्याची. एका दुकानात 8 जीबी 850 ला मिळाली. स्वस्त पडली म्हणून खुशीत कोपऱ्यावर पोहे-जलेबी खाल्ली.

घरी लावली. पडदा काळा, डब्यातून तीन बीप. काढली, पुसली, दुसऱ्या खाचेत लावली. तीन बीप.

संध्याकाळी पुन्हा जेल रोड. दुकानदार न बघताच, "भिया, ये एएमडी वाली है, इंटेल पे नी चलेगी. आपने पूछा नी." खरंच विचारलं नव्हतं. डीडीआर3 च्या 8 जीबीच्या स्वस्त पट्ट्यांमध्ये हा प्रकार असतो : चिपची रचना अशी की एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर-कंपनीच्या बोर्डावर चालते, इंटेलच्या नाही. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. 100 रुपये कापून परत घेतली. शेवटी दुसऱ्या दुकानात वापरलेली 4 जीबी 350 ला घेतली, तीही तिथल्याच एका इंटेल मशीनमध्ये लावून दाखवल्यावर. एकूण 8, पुरतात.

रविवार, 23 नोव्हेंबर

एसएसडीवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22.2 ही फुकट सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. पेनड्राइव्हवरून पाऊण तासात झालं. यात लिहिण्यासारखं काही नाही, ढीगभर व्हिडिओ आहेत. जुनी हार्डडिस्क पुसली नाही, बाहेर काढून 450 रुपयांच्या खोक्यात घातली. बॅकअप आणि बाबांच्या फाइली, लागेल तेव्हाच जोडायची. डबा आता 51 वॅट.

फोनेटिक मराठी कीबोर्ड आयबस या मिंटमधल्या भाषेच्या सोयीतून लावला. बाबांनी "श्री गजानन प्रसन्न" टाइप करून पाहिलं, ज्ञ आणि क्ष तपासले, मान डोलावली.

शनिवार, 29 नोव्हेंबर

मान डोलावणं आठवडाभर टिकलं. बाबा मंडळाच्या कार्यक्रमपत्रिका करतात, 2011 पासूनच्या सगळ्या फाइली जपून ठेवलेल्या. उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस यांची गिचमीड. युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट आहे : आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. बाबांना वाटलं चौदा वर्षांचं काम मी पुसून टाकलं. ते काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून त्या घराण्याच्या सात फाइली शोधल्या, होम फोल्डरमधल्या लपलेल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात टाकल्या, लिब्रेऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं) बंद करून उघडलं. आलं सगळं. ओळी काही ठिकाणी खालीवर होतात, 2016 च्या पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांचं नाव दुसऱ्या पानावर घसरलंय. बाबांना गॅलरीतून बोलावून आणलं.

कोणाच्या घरी जुनं मराठी टायपिंग असेल तर विंडोज काढायच्या आधी फॉन्ट कॉपी करा. डिस्क पुसली असती तर मी आज घरात नसतो.

बुधवार, 3 डिसेंबर

प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला स्पाइक-बोर्ड, 480 रुपये. प्रिंटर आणि स्पीकर कामापुरतेच चालू.

उरलेला यूपीएस रात्री भिंतीतून बंद करायचा ठरलं. काल बाबांनी नियमाप्रमाणे बटण बंद केलं आणि झोपले. यूपीएसला वाटलं लाइट गेली, तो बॅटरीवर गेला आणि बोंबलायला लागला. रात्री अकरा वाजता. पाच सेकंदांनी एक बीप, मग सेकंदाला एक, मग सलग. खालच्या काकू चपला घालून वर आल्या.

क्रम कागदावर लिहून चिकटवलाय : 1. पीसी शटडाउन. 2. यूपीएसचं बटण, बीप येईपर्यंत दाबून धरणे. 3. भिंत.

यातून कळलं ते असं की यूपीएसची बॅटरी एका मिनिटात संपली, म्हणजे ती मेलेलीच होती. मेलेली बॅटरी भरायचा प्रयत्न तो दिवसरात्र करत होता, म्हणून कोमट. नवी बॅटरी 1,050, जुनीचे 150 कापून 900. यूपीएस पूर्ण काढून टाकावा असं मनात आलं होतं, पण पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते ती ऐन कामात. राहू दिला.

रविवार, 7 डिसेंबर

दहा मिनिटं कोणी नसेल तर सस्पेंड, असं लावलं होतं. झोपलेला डबा 4 वॅट खातो. पण तीन दिवस बघतोय, दुपारी झोपवलेलं मशीन आपोआप जागं होतं. भूत नाही, माउस. त्याच भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात मिक्सर लागला की टेबल थरथरतं, माउस केसभर हलतो, मशीन उठून बसतं. आम्ही टेबल 15 नोव्हेंबरला त्या भिंतीला लावलं, हे माझंच कर्तृत्व.

"प्रॉक / एसीपीआय / वेकअप" या फाइलीत एक्सएचसी हे नाव लिहिलं की यूएसबीवरून जागं होणं बंद होतं. मात्र रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिल्यासारखं, म्हणून चालू होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकावं लागलं. आता कीबोर्डनेही उठत नाही, डब्याचं बटणच दाबावं लागतं. चालेल.

शनिवार, 13 डिसेंबर

इथे पैसे वाचले, म्हणून सविस्तर लिहितो. माझा एसएमपीएस गावठी आहे, भिंतीतून घेतलेल्या विजेचा बराच भाग उष्णता म्हणून उडवतो. 80 प्लस ब्रॉन्झचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या दर्जाचा, घ्या असं प्रत्येकजण सांगतो. 2,800 रुपये. कार्टमध्ये टाकून ठेवला होता. मग ऑफिसातल्या मित्राचा एका दिवसासाठी उसना आणला आणि लावून मोजला : 51 चे 44. सात वॅट.

आता मशीन रोज साडेपाच तास चालतं. 7 वॅट गुणिले साडेपाच तास गुणिले 365, वर्षाला 14 युनिटं. युनिटला 7 रुपये धरले तरी शंभरच्या आत. पैसे फिटायला 28 वर्षं! तेव्हा हा डबा सोडा, मीही टेबलाशी असेन की नाही. आणि नवा एसएमपीएस काही हवेतून येत नाही, त्याचं तांबं, पोलाद, कारखाना यांचा हिशेब या 14 युनिटांत नाही. कार्ट रिकामी केली. आहे तो बिघडेल तेव्हा ब्रॉन्झ घेईन.

हाच हिशेब 52 हजारांच्या मशीनला लावून चिरंजीवांना दाखवला. त्यांनी कॅल्क्युलेटर परत केला आणि बाहेर गेले.

रविवार, 21 डिसेंबर

भंगार. जुना स्पाइक-बोर्ड, मेलेला सेल, दोन कीबोर्ड, केबलींचा गुंता. भंगारवाला सगळ्याचे मिळून साठ देत होता. पण केबली जाळून तांबं काढतात, ते मी पाहिलंय, तो धूर अजून नाकात आहे. इंदुरात कचरागाडीला सहा कप्पे असतात, त्यात ई-कचऱ्याचा वेगळा. आपण मात्र सगळं एका पिशवीत बांधून सुक्यात ढकलतो. यावेळी वेगळी पिशवी दिली. ग्राफिक्स कार्ड चालू अवस्थेत होतं, ते मित्राला, एसएमपीएसच्या उपकाराची फेड.

गुरुवार, 1 जानेवारी 2026

डिसेंबरचं रीडिंग : 152.

दोन युनिटांनी गेलं. टेबलाचा वापर 48 वरून 16 वर आला आणि तरी 152. कारण थंडी पडली आणि गिझर सुरू झाला. 2,000 वॅटचा गिझर सकाळी सव्वासहाला कोणीतरी लावतं आणि साडेआठला कोणाच्यातरी लक्षात येतं. एक महिना मी 7 आणि 13 वॅटांच्या मागे धावत होतो, आणि बाथरूममध्ये हे.

बाबांना बोललो नाही. रीडिंगचा कागद फ्रिजवर लावला.

रविवार, 11 जानेवारी

गिझरचा थर्मोस्टॅट 70 वरून 50 वर. शिवाय बाबा आता स्वतः अलार्म लावून बंद करतात, आणि दुसरा कोणी विसरला तर नाव घेऊन सांगतात.

टेबलाचा आठवडा : 3.7 युनिटं. सुरुवातीला 11.3 होती. चालू असताना 84 वॅट : डबा 51, मॉनिटर 21, यूपीएस 12. रात्री शून्य.

रविवार, 18 जानेवारी

आज सकाळचं रीडिंग, 1 तारखेपासून 82 युनिटं. दिवसाला पावणेपाचच्या आसपास. महिनाभरात 150 च्या आत राहिलं की झालं.

खर्च : मीटर 1,150, एसएसडी 1,900, खोकं 450, रॅम 350 आणि चुकीच्या रॅमचे बुडालेले 100, बोर्ड 480, बॅटरी 900, पेस्ट आणि सेल 150. एकूण 5,480. यातल्या विजेच्या कामाला खरोखर आलेल्या वस्तू तीन : मीटर, बोर्ड, बॅटरी. एसएसडी आणि रॅम मशीन पुढे वापरता यावं म्हणून, त्यांनी वीज फारशी वाचत नाही. सर्वात मोठे तीन फरक फुकट होते : ग्राफिक्स कार्ड काढणं, ब्राइटनेस, रात्रीचं बटण.

महिन्याला 33 युनिटं, वर्षाला 400 च्या आसपास. आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटामागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे पावणेतीनशे किलो. खंडव्याच्या सिंगाजी प्रकल्पात 2,520 मेगावॅट कोळशावर चालतात, त्यांना याचा पत्ताही लागणार नाही.

राहिलेलं : स्कॅनर मिंटवर अजून चालत नाही, दोन रविवार घातले. तूर्त मोबाइलने फोटो काढून काम भागवतोय. 2016 च्या पत्रिकेतले पाहुणे अजून दुसऱ्याच पानावर आहेत.

मीटर खालच्या काकूंकडे गेलाय. त्यांना त्यांचा जुना फ्रिज मोजायचाय. परत आला की तिसऱ्या मजल्यावरचे रांगेत आहेत.